साच्यावर कुणी उभं करायचं?

आमच्या गिरणीत सूतही निघतं, कापडही. मी रिंग फ्रेमवर. तीनदा जॉबरला म्हणालो, भाऊ, मला लूम शिकवा. तीनदा म्हणाला, बघू. नंतर त्याचा भाचा गावाहून आला. महिन्याभरात लूमवर. माझं आडनाव विचारून झालं होतं, भाच्याचं विचारायची गरज नव्हती.

मित्रांनो, हा "बघू" जुना आहे. किती जुना ते शोधत गेलो म्हणून हे लिहितो आहे.

मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी १८५४ साली निघाली, दोन वर्षांत गिरणी सुरू झाली. पुढं चिमण्यांवर चिमण्या उठल्या, पण साधा साचेवाला सहसा शाळेत घडत नव्हता. १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूट निघालं, ते वरच्या हुद्द्यांसाठी. साचा शिकायचा तो काकाच्या, मेव्हण्याच्या मागं उभं राहून. तुटलेला धागा कसा सांधतो, धोटा अडकला की काय करतो, बघत राहायचं. काकाला ताप आला की त्याच्या जागी हात मारायचा. नोकरीला लावणारा जॉबर, दस्तुरी खाणारा जॉबर, आणि कुणी शिकायचं ते ठरवणाराही जॉबरच. म्हणजे गुरू नात्यात मिळायचा. ज्याचं नातं विणाई खात्यात नाही त्याला गुरू नाही.

आपलं नातं तिथं का नव्हतं? थुंकीमुळं. कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून काढायचं. म्हाराचं तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असं सवर्ण कामगार म्हणायचे. म्हणून आपली माणसं रिंग खात्यात. माझ्या पणज्याची हयात तिथंच गेली. पगार विणाईत जास्त, हे सांगायला नकोच.

आता गंमत बघा. तोंड न लावता सूत ओवणारा धोटा अमेरिकेतल्या नॉर्थ्रप मागावर १८९० च्या दशकातच आला होता. यंत्राला थुंकी लागत नव्हती. लागत होती ती जातीला! आणि विदर्भात तर महार पिढ्यान्‌पिढ्या हातमागावर जाडंभरडं कापड विणत होते. ज्यांच्या आज्यापणज्यांच्या घरात माग, त्यांच्याच जातीला मुंबईत मागाजवळ उभं राहायची बंदी.

१९२८ च्या एप्रिलात मोठा संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने बाहेर. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावलं, अस्पृश्यांना सगळ्या खात्यांत काम मिळावं ही मागणी घ्या, नाहीतर आमचे कामगार संपात राहणार नाहीत. पुढाऱ्यांनी नाखुषीनं का होईना, घेतली. मालकांनी हात झटकले, हा अन्याय असला तर आमचा नव्हे. मालकाचं ऐकून राग येतो, पण त्यात अर्धं खरं होतं. साच्याजवळून आपल्याला हाकलणारा कामगारच होता, लाल बावट्याखालचा. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांपुढं बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले, तेव्हा हे विणाई खातंही काढलं होतं.

पण एक गोष्ट मला रात्रपाळीत छळते. मागणीनं दार उघडेल. आत गेल्यावर शेजारी उभं कोण राहणार? १९६१ साली ॲप्रेंटिस कायदा झाला, १९७३ साली त्यात आपल्या जागा राखल्या. चांगलंच झालं. तरी उमेदवाराला वर्षभर झाडू मारायला लावणारा मिस्त्री कायद्याला दिसत नाही. तुमच्यात ज्यांना लेथ येतो, वायरिंग येतं, प्रूफं तपासता येतात, त्यांनी वस्तीतल्या कुणाला मागं उभं केलंय? मीही नाही केलं. कविता दाखवायला येणाऱ्या पोराला मीसुद्धा "बघू" म्हणालोय.

मला शेवटी विणकराची गाठ दाखवली ती एका म्हाताऱ्या मोमीन चाचानं, चहाच्या टपरीवर, बाकड्याला सूत बांधून. "हाथ मत देख, धागा देख," म्हणाला. कबीरही विणकरच, आणि बाबासाहेबांच्या तीन गुरूंतला एक. हे चाचाला सांगितलं तर हसला, म्हणाला, पहले गाँठ पक्की कर.

गाठ आता डोळे मिटून येते. लूम अजून मिळालेला नाही.