नंबर आपला झाला, पण कॉलची जबाबदारी कुणाची?

"पोर्ट केलं तेव्हापासून जावयाचा फोन लागते, पोराचा काही लागत नाही." वणी असो, पुसद असो की उमरखेड, मोबाइलच्या दुकानासमोर अर्धा तास उभं राहा, ही तक्रार कानावर येतेच. दुकानदार सांगतो, सिम तर चालू आहे. नवी कंपनी सांगते, आमच्याकडून सगळं ठीक आहे. जुनी कंपनी म्हणते, तुम्ही आता आमचे ग्राहक नाही. पोराची कंपनी म्हणते, तुमचा नंबर आमच्याकडे नाहीच, तक्रार कशी घेणार? चार दारं फिरून माणूस घरी येतो आणि फोन तसाच मुका.

हे असं का होतं, ते समजायला थोडं मागं जावं लागेल.

लँडलाइनच्या जमान्यात नंबर माणसाचा नव्हताच, तो एक्स्चेंजचा होता. 07232 म्हटलं की यवतमाळ, 07233 म्हटलं की पुसद. गाव बदललं की नंबर गेला. मोबाइल आला आणि नंबर गावाचा न राहता कंपनीचा झाला. 31 जुलै 1995 ला कोलकात्यातून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. पुढं ही सेवा आपल्याकडे आली तेव्हा नंबर बघूनच लोक कंपनी सांगायचे. 9422 म्हणजे बीएसएनएल, 9822 म्हणजे आयडिया, 9890 म्हणजे एअरटेल. कॉल कुठं पाठवायचा हे यंत्रालाही त्या सुरुवातीच्या आकड्यांवरूनच कळायचं. तेव्हा ही व्यवस्था सरळ होती.

सरळ होती, पण ग्राहकाला बांधून ठेवणारी होती. सेवा कितीही वाईट असो, कंपनी सोडायची म्हणजे नंबर सोडायचा. आणि नंबर सोडायचा म्हणजे अडत्या, कृषी केंद्रवाला, बँक, सोयरे-धायरे, सगळ्यांना नवा नंबर कळवत बसायचं. एवढी उठाठेव कोण करणार? म्हणून माणूस रेंज शोधत गच्चीवर चढायचा, पण कंपनी सोडत नव्हता. कंपन्यांनाही हे पक्कं ठाऊक होतं.

जगात यावर उपाय आधीच निघाला होता. सिंगापूरनं 1997 मध्ये, ब्रिटननं 1999 मध्ये, अमेरिकेनं 2003 मध्ये नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची मुभा दिली. शेजारच्या पाकिस्ताननंही 2007 मध्ये दिली. आपल्याकडे ट्रायनं 2006 मध्येच शिफारस केली होती, पण मुदती एकामागून एक पुढं ढकलत गेल्या. शेवटी 25 नोव्हेंबर 2010 ला हरियाणात रोहतकहून सुरुवात झाली आणि 20 जानेवारी 2011 ला ही सोय देशभर लागू झाली. पोर्टिंगचं शुल्क होतं 19 रुपये. शिफारशीपासून हक्क हातात पडेपर्यंत पाच वर्षं गेली.

हक्क मिळाला, तोही अर्धा. पोर्टिंग फक्त आपल्या सर्कलपुरतंच होतं. आपला जिल्हा महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये, पण मुंबई वेगळं सर्कल. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, तेही वेगळं सर्कल. पुण्याला कामाला गेलेल्या पोराला नंबर नेता येत होता, मुंबईला गेलेल्याला नाही. ही भिंत पडायला 3 जुलै 2015 उजाडावा लागला.

आता मुद्द्याची गोष्ट. नंबर मोकळा झाला तशी कॉलची वाट बदलली. आज 9422 नं सुरू होणारा नंबर कोणत्याही कंपनीत असू शकतो. म्हणून कॉल लावला की लावणाऱ्याच्या कंपनीला आधी यादी तपासावी लागते, की हा नंबर सध्या कुणाकडे आहे. पोर्ट झालेल्या नंबरांची मुख्य यादी सांभाळायला देशाचे दोन झोन करून दोन स्वतंत्र संस्था नेमल्या आहेत. नंबर बदलला की त्या सगळ्या कंपन्यांना कळवतात आणि प्रत्येक कंपनी आपल्याकडची यादी दुरुस्त करते. पोर्टिंगच्या वेळी काही तास फोन बंद राहतो, तो याच फेरफारासाठी.

एखाद्या कंपनीकडे ही नोंद चुकली किंवा अडकली, की त्या कंपनीचे कॉल जुन्याच पत्त्यावर जातात. तिथं उत्तर मिळतं, हा नंबर अस्तित्वात नाही. बाकी कंपन्यांचे कॉल मात्र नीट येतात. जावयाचा लागतो आणि पोराचा लागत नाही, त्याचं एक मोठं कारण हे. म्हणजे बिघाड तुमच्या मोबाइलमध्ये नाही, कदाचित तुमच्या नव्या कंपनीतही नाही. तो ज्या तिसऱ्या कंपनीत आहे, तिथं तुमचं खातंच नाही.

दोन कंपन्यांच्या मध्ये ग्राहक कसा चिरडतो, हे 2016 मध्ये देशानं पाहिलं. 5 सप्टेंबरला जिओ सुरू झाली आणि तिच्या ग्राहकांचे इतर कंपन्यांकडे जाणारे कॉल मोठ्या प्रमाणात लागेनात. जिओचं म्हणणं, जुन्या कंपन्या पुरेशा जोडण्या देत नाहीत. जुन्या कंपन्यांचं म्हणणं, फुकट कॉलचा लोंढा आमच्यावर आदळतो आहे. 21 ऑक्टोबरला ट्रायनं एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया या तिघांवर मिळून 3,050 कोटींच्या दंडाची शिफारस केली. पुढं कित्येक वर्षं ती फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. मुद्दा असा, की असला दंड सरकारी तिजोरीत जातो. ज्याचा कॉल लागला नाही, त्याच्या हातात काय पडलं?

त्याच काळात दुसरी अडचण आली, ती हँडसेटची. जिओचं नेटवर्क निव्वळ 4जी. जुन्या बटणाच्या 2जी फोनमध्ये ते सिम चालणारच नव्हतं. 4जी फोन असला तरी त्यात व्होल्टीची सोय हवी, नाहीतर नेट चालतं आणि कॉल होत नाही. मग 2017-18 मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सनं आपली मोबाइल कॉलची सेवा गुंडाळली आणि एअरसेलनं 30 जानेवारी 2018 पासून महाराष्ट्रासह 6 सर्कल सोडले. त्यांच्या ग्राहकांसाठी पोर्टिंग हा हक्क उरला नव्हता, ती पळापळ होती. जुलै 2024 मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा लोक उलट्या दिशेनं निघाले. त्या एका महिन्यात बीएसएनएलचे सुमारे 29 लाख मोबाइल ग्राहक वाढले. पण तिचं 4जी तेव्हा सगळीकडे पोहोचलं नव्हतं.

नियम मात्र हळूहळू सुधारले. 16 डिसेंबर 2019 पासून 1900 वर एसएमएस केला की पात्रता तिथल्या तिथं तपासली जाते. पात्र असाल तरच कोड येतो आणि तो 4 दिवस चालतो. सर्कलच्या आत 3 कामकाजी दिवसांत, सर्कलबाहेर 5 दिवसांत पोर्टिंग व्हायला हवं. कंपनी सोडणं सोपं झालं. सोडल्यावर कॉल येतील की नाही, ते मात्र आजही नशिबावर.

मग करायचं काय? आधी बिघाड कुठं आहे ते ओळखा. घरातल्या, शेजारच्या तीन-चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवरून स्वतःला कॉल लावून बघा. कुणाचाच येत नसेल, तर सिम, हँडसेट किंवा रेंज तपासा. व्होल्टी चालू आहे का, कॉल फॉरवर्ड तर झालेला नाही ना, तेही बघा. एकाच कंपनीचे येत नसतील, तर यादीची किंवा दोन कंपन्यांमधल्या जोडणीची शंका घ्या. कोणत्या कंपनीच्या फोनवरून, किती वाजता, काय ऐकू आलं, हे कागदावर लिहा आणि तक्रार नव्या कंपनीकडे नोंदवा. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे 30 दिवसांच्या आत अपील करता येतं, आणि त्यावर 39 दिवसांत निर्णय द्यावा लागतो.

याच्याही पुढचं दार आहे, ते बऱ्याच जणांना ठाऊक नाही. 2009 च्या एका निकालानं टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक मंचाबाहेर ढकलल्या गेल्या होत्या. 16 फेब्रुवारी 2022 ला सर्वोच्च न्यायालयानं व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात स्पष्ट केलं, की अशी तक्रार ग्राहक आयोगाकडे नेता येते. ते दार यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगातही उघडं आहे.

आज पीक विमा असो, बँकेचा ओटीपी असो की सीसीआयची कापूस नोंदणी, सगळं त्या दहा आकड्यांवर येऊन ठेपलं आहे. कॉल न येणं ही आता किरकोळ गैरसोय उरलेली नाही. म्हणून मागणी एकच करायला पाहिजे. ज्या कंपनीनं पोर्ट करून घेतलं, तिनंच सगळ्या नेटवर्कवरून कॉल येतो की नाही हे तपासून द्यावं, आणि तोवर तक्रार बंद करू नये. ग्राहक मिळवताना बाकी कंपन्यांशी बोलता येतं, तर ग्राहकासाठीही बोलता आलंच पाहिजे.

तुमच्या गावात असा प्रकार घडला असेल, तर कोणत्या कंपनीतून कोणत्या कंपनीत गेलात आणि कुणाचे कॉल येत नाहीत, एवढं कॉमेंटमध्ये लिहा. एकट्याची तक्रार बंद करणं सोपं असतं, पन्नास जणांची नाही.