हरिके संगम आणि वाळवंटाचा नकाशा

पंजाबात हरिके येथे बियास नदी सतलजला मिळते. थरच्या वाळवंटाला पाणी पुरवणारा हा संगम नेहमी असाच नव्हता. बियासचा एक जुना प्रवाह मुलतानच्या दिशेने जात असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो आटला. नदीने सोडलेले ते पात्र पुढे सर्वेक्षकांनी कागदावर उतरवले.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पद्धतीत २८ ते ३२ अक्षांश आणि ७२ ते ७६ रेखांश यांमधला चौकोन ४४ क्रमांकाचा. हरिके त्यातच येते. त्याचे १६ आणि प्रत्येकाचे पुन्हा १६ भाग केले की १:५०,००० प्रमाणाचे स्थलनिर्देशक नकाशे मिळतात. त्यांत पाणी निळे, कोरडे ओहळ काळे आणि समोच्च रेषा तपकिरी. कालवा आखणाऱ्याचा सगळा भरवसा या तपकिरी रेषांवर असतो. पाणी उताराने वाहते आणि वाळवंटातला उतार डोळ्यांना दिसत नाही. तो समुद्रसपाटीपासून मोजत आणलेल्या उंचीवरूनच कळतो.

बिकानेर संस्थानचे मुख्य अभियंता कंवर सेन यांनी १९४८ मध्ये हरिकेचे पाणी कालव्याने वाळवंटात नेण्याची योजना मांडली. ते पुढे केंद्रीय जल व विद्युत आयोगाचे अध्यक्ष झाले. या आयोगाचे मूळ १९४५ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत आहे. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते आणि पाटबंधारे त्याच खात्यात येत. देशाच्या जलनियोजनातला त्यांचा हा वाटा महाराष्ट्रातही पुरेसा सांगितला जात नाही. 

हरिकेचा बंधारा १९५२ मध्ये उभा राहिला. ३१ मार्च १९५८ रोजी राजस्थान कालव्याच्या कामाला आरंभ झाला; १९६० च्या सिंधू जलकराराने रावी, बियास व सतलज यांचे पाणी भारताला मिळाले. २०४ किलोमीटरचा पुरवठा कालवा आणि मोहनगढपर्यंतचा ४४५ किलोमीटरचा मुख्य कालवा मिळून ६४९ किलोमीटर भरतात. १९८४ नंतर त्याला इंदिरा गांधींचे नाव मिळाले. उजवीकडच्या सखल जमिनीला पाणी आपोआप जाते. डावीकडची जमीन उंच, म्हणून तिथे ते पंपाने उपसून चढवावे लागते. मात्र वरून मोजलेल्या उंचीने जमिनीखालचे थर कळत नाहीत. काही भागांत खाली पाणी न मुरू देणारा कठीण थर निघाला, आणि तिथली शेते दलदल व क्षारांनी बिघडली.