नजर उतारावर, माहिती कोपऱ्यात

ताशी 50 किलोमीटर वेगाने बर्फाच्या उतारावरून येणारा स्कीपटू घड्याळ बघायला एक सेकंद मान खाली घालतो, तेवढ्यात तो सुमारे 14 मीटर पुढे गेलेला असतो. तो एक सेकंद वाचवण्याच्या खटपटीतून गॉगलमधल्या पडद्याचे शास्त्र उभे राहिले. ठाणे, कल्याण, डोंबिवलीहून गुलमर्ग, औली किंवा सोलंगला स्की शिकायला जाणाऱ्यांचे, तसेच बर्फ कधीच न पाहिलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे या विषयात मनःपूर्वक स्वागत.

या पडद्याचे मूळ लढाऊ विमानात आहे. वैमानिकाला समोरचे आकाश आणि त्यावरच उमटलेले वेग-उंचीचे आकडे एकदम दिसावेत, अशी काच तिथे बसवतात. आपल्या ‘तेजस’साठी ती चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेने घडवली. हाच विचार व्हँकुव्हरच्या रेकॉन इन्स्ट्रुमेंट्सने 2010 मध्ये स्कीच्या गॉगलमध्ये आणला. 2012 मध्ये त्यांचा पडदा ओकली कंपनीच्या ‘एअरवेव्ह’ गॉगलमध्ये बसला. इंटेलने 2015 मध्ये ही कंपनी विकत घेतली आणि 2017 मध्ये तिचे काम थांबवले. तिने हाताळलेले प्रश्न मात्र आजही अभ्यासकांची वाट पाहत आहेत.

पहिला प्रश्न डोळ्याचा. इतक्या जवळची वस्तू डोळ्याला स्पष्ट दिसत नाही. म्हणून उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या चिमुकल्या पडद्याची प्रतिमा भिंगांच्या साहाय्याने दूर नेतात. ‘एअरवेव्ह’मध्ये ती पाच फुटांवरच्या 14 इंची पडद्याएवढी भासे. दुसरा प्रश्न थंडीचा. लिथियम बॅटरीतल्या रासायनिक क्रिया गारठ्यात मंदावतात आणि तिचा अंतर्गत रोध वाढतो. काचेवर वाफ धरते. जाड हातमोज्यांनी बटणे दाबता येत नाहीत. तिसरा प्रश्न जिवाचा. हिमस्खलनात गाडलेल्याला शोधणारे यंत्र 457 किलोहर्ट्झवर चालते आणि जवळच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंनी त्याच्या संकेतात गडबड होते. म्हणून अशा वस्तू एरवी 20 आणि शोध घेताना 50 सेंटिमीटर दूर ठेवायला सांगतात. गॉगलमध्ये वीज खेळवणाऱ्याने हा नियम आधी वाचावा.

या साऱ्यातून एकच सूत्र हाती लागते: काय दाखवायचे यापेक्षा काय वगळायचे, हे ठरवणे जास्त अवघड आहे. वेग, उंची, नकाशा, सोबत्यांची जागा, फोनवरचे निरोप, सगळे दाखवता येते. पण प्रत्येक आकडा उतारावरून थोडे लक्ष काढून घेतो. उतरताना एखादाच आकडा दिसावा आणि बाकीचे स्की-लिफ्टमध्ये बसल्यावर, असे माझे ठाम मत आहे.

अभ्यासाला बर्फच हवा असे नाही. वायुभारमापक असलेला फोन घेऊन खोपटमधल्या एखाद्या सात मजली इमारतीचा जिना चढा. दर आठ मीटरला दाब साधारण एक हेक्टोपास्कलने उतरतो, म्हणजे गच्चीपर्यंत अडीचच्या आसपास. मग पावसाळी हवा येण्याआधी आणि आल्यावर, एकाच पायरीवर बसून तोच आकडा टिपा. हवा पालटली की जागचे न हलताही दाबावरून काढलेली ‘उंची’ बदलते, हे दिसेल. गॉगलमधल्या उंचीवर किती विसंबायचे, हे तिथेच शिकता येते. वही घ्या आणि कामाला लागा. या विषयाला मराठी हात हवे आहेत.

खोपट, ठाणे