क्यार, महा आणि फुजिवारा : तारखा आधी मांडा

२०१९ च्या दिवाळीत मराठवाड्यात सोयाबीनला उभ्या शेतात कोंब फुटले. त्याच दिवसांत अरबी समुद्रात ‘क्यार’ होतं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, २७ ऑक्टोबरला, ते सुपर सायक्लोन झालं. ३० तारखेला लक्षद्वीपजवळ ‘महा’ जन्मलं. कुरुंद्याहून समुद्र साडेचारशे किलोमीटर तरी लांब, पण सुडी झाकायची की मळणी उरकायची, हे तिकडच्या बातमीवर ठरायचं.

समुद्रात दोन वादळं दिसली की लगेच ‘फुजिवारा परिणाम’ म्हणायची आपल्याला घाई असते. हे फुजिवारा म्हणजे जपानी हवामानशास्त्रज्ञ साकुहेई फुजिवारा. १९२१ च्या निबंधात त्यांनी पाण्यातल्या भोवऱ्यांवरून दाखवलं, की एकाच दिशेने फिरणारे दोन भोवरे जवळ आले तर एकमेकांभोवती फिरू लागतात.

संगणक आला तो १९५० मध्ये. एनिॲकवर चार्नी आणि सहकाऱ्यांनी चोवीस तासांचा अंदाज काढला. गणितालाही जवळपास चोवीसच तास लागले! पुढे १९५७ मध्ये अकिरा कासाहारांनी चक्रीवादळाच्या मार्गाचा अंदाज संगणकावर मांडला. युक्ती साधी : वाऱ्यांच्या नकाशातून भोवरा वेगळा काढायचा, आणि उरलेला वारा त्याला कुठे नेईल ते पाहायचं. गोची अशी, की दुसरं वादळ असेल तर त्या ‘उरलेल्या वाऱ्यात’ तेही येतं. एकाची जागा चुकली की दुसऱ्याचा मार्गही चुकतो, आणि ती चूक फिरून पहिल्याकडे येते.

आजच्या मॉडेलमध्ये फुजिवाराचं वेगळं सूत्र घालावं लागत नाही. वाऱ्याच्या मूळ समीकरणांतूनच ते घडतं. पुण्याच्या आयआयटीएममध्ये २०१८ साली ‘प्रत्युष’ महासंगणक आला, तेव्हा गणिताचा वेग वाढला. समुद्रावरची मोजमापं मात्र विरळच राहिली, त्यामुळे सुरुवातीची जागा चुकण्याचा धोका आहेच.

आता मूळ प्रश्न. महा आधी वायव्येकडे गेलं आणि मग पूर्वेला, गुजरातकडे वळलं. ते क्यारमुळे का? क्यार २-३ नोव्हेंबरपर्यंत विरून गेलं होतं. महाचं वळण त्यानंतरचं. म्हणजे ते श्रेय क्यारला देता येत नाही, ते वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांचं. (पेटच्या मुलाखतीत असा प्रश्न आला तर आधी तारखा सांगा, सिद्धान्त मागून.)

उरतात ३० ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर हे दिवस. दोघांत हजार किलोमीटरहून जास्त अंतर होतं. पश्चिम पॅसिफिकमधल्या जोड्या पाहून ब्रँड यांनी १९७० मध्ये साधारण चौदाशे किलोमीटरची मर्यादा सुचवली होती, म्हणजे ही जोडी उंबरठ्यावरची. सॅटेलाइटचा फोटो बघून इथे निकाल लागत नाही. मॉडेल दोनदा चालवायचं : एकदा दोन्ही वादळं ठेवून, एकदा सुरुवातीच्या नकाशातून क्यार पुसून. दोन्ही वेळच्या महाच्या मार्गांत जेवढा फरक पडेल, तेवढाच क्यारचा हात.