नाव कुणासाठी ठेवतात?

घरातल्या जुन्या कागदांची पिशवी कधी उपसली असेल, तर त्यात लसीकरणाचं एक दुमडून दुमडून फाटायला आलेलं कार्ड सापडतं. त्यावर बाळाच्या नावाच्या जागी पुष्कळदा नाव नसतंच. असतं ते 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव. दवाखान्यात जन्मलेल्या आपल्यापैकी अनेकांचं कागदावरचं पहिलं नाव हेच. म्हणजे नाव बदलणं ही काही विरळा गोष्ट नाही. तुमचंही एकदा बदललेलं आहे, फक्त तुम्हाला आठवत नाही.

बीडहून सोलापूरच्या दिशेनं निघालं, की मांजरसुंबा ओलांडल्यावर महामार्गावर चौसाळा लागतं. या भागात, आणि खरं तर महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी, नव्या बाळाबद्दल तीन जण लिहितात. पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि कपाळावर नशीब लिहून जाते, म्हणून पूजेत कोरा कागद आणि पेन ठेवायचं. बाराव्या-तेराव्या दिवशी बारसं होतं, पाळणा हलतो, आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि पाठीवर बायकांचे धपाटे खाते. तिसरं लिखाण ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू रजिस्टरात होतं. जन्माची खबर २१ दिवसांच्या आत द्यावी, असं कायदा सांगतो.

सटवाईनं लिहिलेलं पुसता येत नाही म्हणतात. आत्यानं ठेवलेलं नाव मात्र लोक खुशाल बदलत आले आहेत. का बदलत आले, आणि कुणासाठी, याचा इतिहास बघण्यासारखा आहे. कारण त्यात एक असा प्रश्न लपलेला आहे, जो बीड जिल्ह्याला फार जवळून टोचतो.

दगडाचं नाव लेकराला

आधी वाईट नावांबद्दल. दगडू, धोंडू, केरबा, भिकाजी, कोंडिबा, उकिर्डा. आज शाळेत ही नावं घेतली तर हशा पिकेल. पण ज्या आईबापांनी ती ठेवली त्यांचा जीव त्या लेकरात अडकलेला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या देशात साधारण पाचातलं एक मूल पहिला वाढदिवसही पाहत नसे. ज्या घरात आधीची दोन-तीन लेकरं गेलेली असत, तिथं पुढच्याला चांगलं नाव ठेवायची भीती वाटे. नजर लागेल. मग मृत्यूला सांगायचं, की हे काही मूल नाही, दगड आहे, केर आहे, भीक मागून आणलेलं आहे, कोंड्याच्या बदल्यात घेतलेलं आहे. याला नेऊन तुला काय मिळणार?

या नावांनी कुणाचं अडलंही नाही. विधवाविवाह आणि स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी कर्वे धोंडो केशव कर्वे होते. १८५७ च्या उठावातले नानासाहेब पेशवे हे मूळचे धोंडोपंत. पुण्याच्या सगळ्यात प्रसिद्ध गणपतीच्या नावात दगडूशेठ आहेत. म्हणजे ही नावं बाळासाठी नव्हतीच. ती मृत्यूच्या कानावर जावीत म्हणून ठेवलेली होती. बाळाला त्यातून कळत असे ते एवढंच, की आपण घरच्यांना फार हवे होतो.

नाव बदलतं तेव्हा

नाव बदलण्याची कारणं मात्र घरागणिक वेगळी. २८ सप्टेंबर १९२९ ला इंदूरमध्ये मास्टर दीनानाथांच्या घरी मुलगी झाली. तिचं नाव हेमा ठेवलं. पुढे ते बदलून लता केलं. दीनानाथ 'भावबंधन' नाटकात लतिकेची भूमिका करत, त्या लतिकेवरून हे नाव आलं असं सांगितलं जातं. आडनाव तर दीनानाथांनी स्वतःच मंगेशी गावावरून घेतलेलं होतं. लता मंगेशकर या नावातले दोन्ही शब्द असे नंतर आलेले आहेत.

दुसरं कारण दत्तक. २७ फेब्रुवारी १९१२ ला जन्मलेल्या गजानन रंगनाथ शिरवाडकर या मुलाला काकांनी दत्तक घेतलं आणि तो विष्णू वामन झाला. आपलं नाव आणि वडिलांचं नाव, दोन्ही बदलली. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक जाऊन कोल्हापूरचे शाहू महाराज झाले, कवळाण्याचे गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याचे सयाजीराव झाले.

तिसरं कारण शाळा. बाबासाहेब आंबेडकर हे आईबापांचं चौदावं अपत्य. घरी त्यांना भिवा म्हणत. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात नाव लागलं तेही 'भिवा रामजी आंबेडकर' असंच. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. ज्या काळात गरिबाच्या घरी जन्माचा दाखला नसायचा, त्या काळात शाळेचं रजिस्टर हाच माणसाचा पहिला पक्का कागद होता. मराठवाड्यात तर पुढेही कित्येक वर्षं गुरुजींनी अंदाजानं टाकलेली १ जून हीच हजारोंची जन्मतारीख ठरली. घरात विचारून बघा, एखादे काका-आजोबा १ जूनचे निघतीलच.

आणि चौथं कारण लग्न. हे फक्त मुलींसाठी. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहायचं आणि जुनं माहेरी सोडायचं. १८६५ मध्ये कल्याणला जन्मलेली यमुना लग्नानंतर आनंदी झाली. डॉक्टर आनंदीबाई जोशी म्हणून आपण जिला ओळखतो ती हीच. मुलाचं नाव बदललं तर त्याची गोष्ट सांगितली जाते. मुलींची नावं इतकी सर्रास बदलली, की त्याची गोष्ट कुणाला वाटलीच नाही.

नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत फक्त एका अनुस्वाराचा फरक आहे. नकुसा या नावात तोही उरत नाही.

नकुसा, नकुशी, नकोशी. घरात दोन-तीन मुली झाल्यावर पुढचीला हे नाव ठेवायचं, म्हणजे नंतर मुलगा होतो, अशी समजूत. मुलग्याची वाट पाहणारी अशी नावं दुसरीकडेही आहेत. हरियाणात भतेरी, म्हणजे पुष्कळ झाल्या. राजस्थानात धापू, म्हणजे आता पोट भरलं. तमिळनाडूत वेंडाम, म्हणजे नको. चीनमध्ये झाओदी, म्हणजे धाकट्या भावाला घेऊन ये.

वरवर पाहता ही धोंडूचीच बहीण वाटते. दोघांनाही वाईट नाव, दोघांमागेही एक समजूत. पण नीट बघा. धोंडूचं नाव मृत्यूला फसवण्यासाठी होतं आणि फायदा धोंडूलाच व्हायचा होता. नकुसाचं नाव देवाला निरोप देण्यासाठी होतं आणि फायदा व्हायचा होता तो अजून जन्मालाही न आलेल्या भावाला. तिच्या वाट्याला आली ती फक्त हाक. रोज, हजेरीच्या वेळी, सगळ्या वर्गासमोर.

२०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा मुलींचा शोध घेतला गेला. ज्या गावच्या शाळेत १११ वर्षांपूर्वी भिवाचं नाव लागलं होतं, त्याच साताऱ्यात २२ ऑक्टोबर २०११ ला २८५ मुलींचं दुसरं बारसं झालं. जिल्ह्याच्या आरोग्य खात्यानं त्यात पुढाकार घेतला होता. मुली वेण्या घालून रांगेत उभ्या राहिल्या, हातात फुलं आणि नव्या नावाचं प्रमाणपत्र घेतलं. कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री, कुणी वैशाली. जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी आली.

प्रमाणपत्र एका दिवसात मिळतं. हाक बदलायला गावाला वेळ लागतो. तरी या बारशात एक गोष्ट वेगळी होती. यमुनेची आनंदी होताना तिला कुणी विचारलं नव्हतं. इथं कितीतरी मुलींनी नाव स्वतः निवडलं. नाव पहिल्यांदाच तिच्यासाठी होतं.

८०७

आता बीडकडे या. याच २०११ मध्ये जनगणना झाली. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली किती, याचा आकडा निघाला. महाराष्ट्राचा २००१ मध्ये ९१३ होता, तो ८९४ वर आला. बीड जिल्ह्याचा २००१ मध्ये ८९४ होता, तो ८०७ वर आला. राज्यात सगळ्यात कमी. दहा वर्षांत हजारामागे ८७ मुलींची घट. पुढच्याच वर्षी परळीतलं गर्भपाताचं प्रकरण उघडकीला आलं आणि जिल्ह्याचं नाव देशभर वेगळ्याच कारणासाठी झालं. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानंच केला होता, देशाचा कायदा १९९४ मध्ये आला. तरीही हे झालं.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. २८५ आणि ८०७. साताऱ्याच्या बातमीनं आपण हळहळलो, ते बरोबरच होतं. पण नकुसा नाव ठेवायला आधी मुलगी जन्माला यावी लागते. तिला पाळण्यात घालावं लागतं, शाळेत पाठवावं लागतं. पूर्वी 'नको' हा निरोप नावातून पाठवला जाई. सोनोग्राफीचं मशीन आल्यावर नावाची गरजच उरली नाही. जिचं नाव बदलता येतं, ती निदान आहे. जी बारशापर्यंत पोचलीच नाही, तिचं नाव कुठल्या रजिस्टरात शोधायचं? ती सापडते फक्त त्या ८०७ मध्ये, न दिसणाऱ्या वजाबाकीत.

वर ज्या गजाननाचा विष्णू झाला, त्याची गोष्ट अर्धीच सांगितली होती. त्यानं पुढे तिसरं नाव घेतलं आणि हे मात्र स्वतः निवडून. सहा भावांत एकच बहीण, कुसुम. तिचा थोरला भाऊ म्हणून त्यानं कवितेसाठी नाव घेतलं, कुसुमाग्रज. त्याच्या वाढदिवशी आपण मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. बहिणीच्या नावानं भाऊ ओळखला जावा, हेही आपल्याच भाषेत घडलेलं आहे.

कोरा रकाना

आता तिसऱ्या लिखाणाबद्दल, म्हणजे रजिस्टराबद्दल. कारण नाव बदलायची जुनी मोकळीक झपाट्यानं संपते आहे.

१९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानं एक शहाणपणाची सोय ठेवली आहे. जन्माची नोंद नावाशिवाय करता येते. नावाचा रकाना कोरा राहतो. वर्षभरात तो फुकट भरता येतो, त्यानंतर विलंब शुल्क देऊन पंधरा वर्षांपर्यंत. पण एकदा नाव लिहिलं, की मामला बदलतो. लिहिण्यातली चूक दुरुस्त होते. 'आता आम्हाला दुसरं नाव आवडलं' म्हणून साधारणपणे दाखला बदलून मिळत नाही. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात जाहिरात, आणि त्या राजपत्राची प्रत जन्मभर सोबत.

१ ऑक्टोबर २०२३ पासून हे आणखी घट्ट झालं. त्या दिवसानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून मतदार यादी आणि सरकारी नोकरीपर्यंत जन्माची तारीख आणि ठिकाण सिद्ध करायला जन्मदाखला हाच एकमेव कागद धरला जातो. १ जून टाकणारे गुरुजी आता नाहीत. त्यांच्याबरोबर शाळेच्या पहिल्या दिवशी नाव सुधारून घ्यायची संधीही गेली.

बीड जिल्ह्यात याला एक जास्तीची गाठ आहे. दिवाळीच्या सुमाराला इथली हजारो कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, उन्हाळा लागताना परततात. कायद्यानं जन्माची नोंद होते ती जन्म जिथं झाला तिथं. फडाजवळच्या दवाखान्यात जन्मलेल्या बाळाचं रजिस्टर त्याच तालुक्यात राहतं. घाईत सांगितलेलं नाव, चुकलेला एक काना किंवा वेलांटी, हे सगळं दुरुस्त करायला पुन्हा तिथं जायचं, म्हणजे रोजगार बुडवायचा. अशा आईबापांसाठी तो कोरा रकाना ही चैन नाही, सोय आहे. बाळ घेऊन गावी या, आत्याला बोलवा, बारसं करा, मग नाव लिहा.

एक बदल मात्र उलट दिशेचा आहे, आणि चांगला. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं, असं ठरलं आहे. 'बेबी ऑफ' मधून जी आई बारशाच्या दिवशी गळून जायची, ती आता दाखल्यावर राहील.

पुढच्या वेळी गावी गेलात, की आजीला तिचं लग्नाआधीचं नाव विचारा. आणि ते कुणी ठेवलं होतं, कुणासाठी, तेही विचारा. काहींच्या आज्या लाजून सांगतील. काहींच्या सांगणार नाहीत, विषय बदलतील. तेव्हा जास्त खोदून विचारू नका. फक्त तिला आता कुठल्या नावानं हाक मारलेली आवडते, ते विचारा, आणि त्याच नावानं मारा.