प्रथिनांची घडी : एका शोधाचा इतिहास



आपल्या स्वयंपाकघरात काही गोष्टी अशा आहेत की, त्या आपण आई-आजीच्या सांगण्यावरून करीत आलो, पण त्यांचे कारण कधी विचारले नाही. पावटा, वाल किंवा डबल बी भिजवून नीट शिजविल्याखेरीज खाऊ नये, हा घरोघरचा दंडक आहे. कबाबाच्या मटणाला कच्ची पपई वाटून लावली की ते लवकर मऊ होते. पाये रात्रभर मंद आचेवर ठेवले की शोरबा बोटांना चिकटतो आणि गार झाल्यावर गोठतो. या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच पदार्थ आहे, तो म्हणजे प्रथिन, अर्थात प्रोटीन. मी शास्त्राचा शिक्षक नव्हे, इतिहासाचा आहे. परंतु या तीन प्रश्नांची उत्तरे माणसाला कशी सापडली, हा इतिहासच आहे. आणि त्यात एका मराठी स्त्रीचा मोठा वाटा आहे, म्हणून तो आपणांसमोर ठेवीत आहे.

प्रथम प्रथिन म्हणजे काय ते पाहू. सोलापूरकरांना ते समजावयास अवघड नाही. जकार्डच्या मागावर चादर विणताना भोके पाडलेले पुठ्ठे ज्या क्रमाने लावावे, त्याप्रमाणे चादरीवर नक्षी उमटते. पुठ्ठ्यांचा क्रम बदलला की मोराच्या जागी फूल येते. प्रथिनांचेही असेच आहे. अमिनो आम्ले नावाचे मुख्यतः वीस प्रकारचे लहान घटक मण्यांसारखे एकापुढे एक जोडले जाऊन त्यांची लांब माळ तयार होते. ही माळ सैल राहत नाही. ती स्वतःभोवती वळून ठराविक घडी घालते. कोणती घडी पडणार, हे मण्यांच्या क्रमावर ठरते, आणि प्रथिन कोणते काम करणार, हे त्या घडीवर ठरते. अंडे उकडले की पांढरा बलक घट्ट होतो. तेथे मण्यांचा क्रम बदललेला नसतो. उष्णतेने घडी तेवढी मोडलेली असते.

हे ज्ञान एका दिवसात मिळालेले नाही. इन्शुलिन या प्रथिनातील मण्यांचा संपूर्ण क्रम इंग्लंडमध्ये फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत उलगडला. स्नायूतील मायोग्लोबिन या प्रथिनाची घडी जॉन केंड्र्यू यांनी १९५८ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रथम दाखविली. परंतु त्याच्याही कितीतरी आधी, आपल्या ताटातील डाळींच्या प्रथिनांवर एक मराठी मुलगी काम करीत होती.

तिचे नाव कमला भागवत, म्हणजेच पुढील काळातील डॉ. कमला सोहोनी. जन्म १९११ चा, इंदूरचा. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा रसायनशास्त्र घेऊन त्या उत्तम रीतीने उत्तीर्ण झाल्या आणि त्यांनी बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. त्यांचे वडील आणि काका दोघेही त्याच संस्थेत शिकलेले. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर चंद्रशेखर वेंकट रामन. त्यांनी अर्ज नाकारला, कारण अर्जदार मुलगी होती. कमलाबाई घरी बसल्या नाहीत. त्या प्रत्यक्ष रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी कारण विचारले. अखेर एक वर्ष परीक्षेखातर ठेवण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. त्या वर्षाच्या शेवटी त्यांचे काम पाहून रामन यांनी संशोधनास संमती दिली. मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला आणि १९३६ साली एम.एस्सी. पूर्ण केले. पुढे त्या संस्थेत इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. नंतर कमलाबाई केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे प्रथिन असते, असे त्यांनी बटाट्यावर काम करताना दाखविले. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. शास्त्र विषयात ही पदवी मिळविणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

आता पावट्याकडे वळू. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचे प्रथिन असते. खाल्लेल्या प्रथिनांच्या माळा तोडणे हे त्याचे काम. त्याच्या घडीत एक खाच असते; माळ त्या खाचेत बसली की तुटते. कच्च्या कडधान्यांत मात्र दुसरे एक प्रथिन असते. त्याची घडी अशी असते की, कुलपात मोडकी किल्ली अडकून बसावी तसे ते ट्रिप्सिनच्या खाचेत जाऊन बसते आणि त्याचे काम थांबविते. खाल्लेले अन्न मग नीट पचत नाही. शिजविल्याने या अडविणाऱ्या प्रथिनाची घडी बहुतांशी मोडते आणि पचनाची वाट मोकळी होते. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये कमलाबाई व त्यांचे विद्यार्थी यांनी याच प्रथिनांवर काम केले. पावटा आणि डबल बी यांतील असे प्रथिन स्फटिकरूपात वेगळे केल्याचे त्यांचे संशोधन १९५५ साली प्रसिद्ध झाले. आजीचा दंडक अशा रीतीने प्रयोगशाळेत खरा ठरला.

दुसरा प्रश्न कच्च्या पपईचा. तिच्या चिकात पपेन नावाचे प्रथिन असते व तेही इतर प्रथिनांच्या माळा तोडते. म्हणून मटण मऊ होते. हेच पपेन घेऊन रॉडनी पोर्टर यांनी १९५९ साली इंग्लंडमध्ये एक सुंदर प्रयोग केला. रोगजंतूंना पकडणारी जी प्रतिपिंडे रक्तात असतात, ती त्यांनी पपेनने तोडली. तीन तुकडे झाले. नवल असे की, तुकडे होऊनही दोन तुकड्यांची परक्या पदार्थाला पकडण्याची शक्ती शाबूत राहिली. तिसऱ्याचे काम निराळे, शरीराच्या संरक्षक यंत्रणेला इशारा देण्याचे. पुढे कळले की, मोठी प्रथिने बहुधा एकाच अखंड घडीची नसतात. त्यांत आपापली स्वतंत्र घडी घालणारे भाग असतात. त्यांना डोमेन म्हणतात. रक्तातील नेहमीच्या प्रतिपिंडात असे बारा डोमेन असतात. एकाच घरात प्रत्येकाने आपले काम सांभाळावे आणि सर्वांच्या कामावर घर चालावे, तसा हा प्रकार आहे. निसर्ग हेच भाग निरनिराळ्या रीतीने जोडून नवी प्रथिने घडवितो.

तिसरा प्रश्न पायांचा. कातडी, स्नायुबंध आणि हाडे यांत कोलॅजन हे प्रथिन भरपूर असते. त्याच्या तीन माळा दोरखंडाच्या पदरांप्रमाणे एकमेकींत पिळलेल्या असतात, असे मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन व गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५ मध्ये मांडले. रात्रभराच्या आचेने तो पीळ उकलतो, माळा पाण्यात उतरतात, आणि शोरबा चिकट होतो. प्रथिनाची माळ कोठे वळू शकते आणि कोठे नाही, याचा नकाशाही रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली तयार केला. तो जगभर आजही वापरला जातो. येथे एक योगायोग सांगावासा वाटतो. रामचंद्रन हे रामन यांचेच शिष्य. ज्या रामन यांनी एका मुलाला इंजिनिअरिंगमधून ओढून भौतिकशास्त्रात आणले, त्यांनीच एका मुलीला दारातून परत पाठविले होते. थोर माणसाचाही निर्णय चुकू शकतो. ती मुलगी तेथेच थांबली असती, तर नुकसान तिचे एकटीचे झाले नसते.

पालकहो, इल्म मिळविणे हे आपल्याकडे फर्ज मानले आहे. दहावीचा निकाल लागला की अनेक घरांत एकच चर्चा असते. मुलगी हुशार आहे, पण शास्त्र शाखा नको. प्रयोगशाळेत उशीर होतो, पुढे बाहेरगावी जावे लागते. आपली काळजी खोटी नाही. मुलींसाठी सोय व सोबत पाहणे हे आपले कर्तव्यच आहे, आणि त्या कामी शिक्षकांनीही आपल्या बरोबरीने उभे राहिले पाहिजे. परंतु काळजी निराळी आणि नकार निराळा. कमलाबाईंना घरातून आधार होता, म्हणून बाहेरचे बंद दार त्या उघडू शकल्या. घरचेच दार बंद असते, तर त्यांनी कोणासमोर जाऊन कारण विचारले असते?

विद्यार्थिनींनो, आज संध्याकाळी घरी पावटा शिजत असेल, तर तो का शिजवावा लागतो, हे आईला समजावून सांगा. आणि पालकहो, ती सांगू लागली, तर हातातील काम जरा बाजूला ठेवून ऐका.