फळीला नाव नसतं

पावसाळ्याच्या तोंडावर जिवतीहून काकांचा फोन आला. "वादळात बांधावरचं सागवान पडलं बघ. तुला टेबल पायजे होतं ना?"

पाहिजे होतं, खरंय. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये एकसंध फळीचं, कडेला झाडाचा मूळ बाक तसाच ठेवलेलं जेवणाचं टेबल हे माझं दोन वर्षांपासूनचं खूळ. काकांनी सुतळीने घेर मोजून सांगितला, बुंध्याशी ८८ इंच. भागिले पाय, म्हणजे २८ इंच व्यास. मग काय, शनिवारी सकाळी चहा घेतला आणि कुठलाही आयटीवाला करेल तेच केलं. एक्सेल उघडलं :)

एवढी रुंद फळी काढायची तर ओंडका गिरणीपर्यंत नेण्यापेक्षा गिरणीच ओंडक्यापाशी न्यावी, ही चेनसॉ मिलमागची कल्पना. चेनसॉच्या बारला एक चौकट बसवायची आणि ती ओंडक्याच्या वरच्या सपाटीवरून सरकवत न्यायची. पहिल्या कापाला सपाटी नसते, म्हणून अ‍ॅल्युमिनियमची शिडी वर ठोकून तिचा रूळ करतात. चौकटीचे चिमटे बारची लांबी खातात, त्यामुळे २८ इंचांसाठी ३६ इंची बार हवा. एवढ्या रुंदीत साखळी ओढायची तर इंजिन ९० सीसीच्या आसपासचं पाहिजे. नेहमीच्या साखळीचे दात ३० अंशात घासलेले असतात, ते आडव्या कापासाठी. रेषांच्या दिशेने उभं चिरायला १० अंशांची साखळी लावतात. त्यात सागवानात सिलिका असते, म्हणजे थोडक्यात वाळूच. दात लवकर बोथट होतात, कानस हाताशी ठेवावी लागते.

एवढं जमलं. घोडं अडलं ते भुशापाशी. चेनसॉचा एक काप साधारण ९ मिलिमीटर लाकूड खातो. दोन इंची फळ्यांसाठी ११ काप धरले तर ९९ मिलिमीटर भुसा. गिरणीतली पट्टा करवत कापामागे अडीच मिलिमीटरच्या आसपास खाते, म्हणजे सगळे मिळून २८. फरक सात सेंटिमीटरचा, जवळजवळ दीड फळी!

काकांना हे सगळं ऐकवलं तर ते म्हणाले, "अन् मशीन नव्हती तवा काय फळ्या निघत नव्हत्या?"

या एका प्रश्नापायी माझे पुढचे चार रविवार गेले.

निघत होत्या की. ओंडका खड्ड्यावर किंवा उंच घोडीवर चढवायचा, गेरूत भिजवलेल्या दोरीने रेघ मारायची, आणि दोन माणसांनी लांब करवत ओढायची. वरचा माणूस रेघ सांभाळणार, खालच्याच्या डोळ्यात भुसा. दिवसचे दिवस जात. पण करवतीचं पातं पातळ, नासधूस कमी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या तख्त्यांचा विषय आहे. आंबा, फणस तोडू नका, रयतेला दुखवू नका हा त्यातला भाग आपण शाळेपासून ऐकतो. मला या वेळी दुसरंच दिसलं. अरण्यातलं सागवान तोडायचं तेही हुजुरात लिहून, परवानगी घेऊन. म्हणजे सागवानाच्या आधी कागद, ही गोष्ट इंग्रजांनी आणलेली नाही!

इंग्रजांनी काय केलं, तर कागदाची नजर झाडावरून करवतीवर नेली. १९२७ च्या भारतीय वन कायद्याचं ४१ वं कलम काढून बघा. लाकडाच्या वाहतुकीचं कलम आहे. त्यानुसार ठराविक हद्दीत लाकूड चिरायचे खड्डे घालणं, लाकूड चिरणं, त्यावरच्या खुणा बदलणं किंवा पुसणं, एवढंच काय, खुणा मारायचे हातोडे जवळ बाळगणं, या सगळ्यावर सरकार बंदी घालू शकतं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. खड्ड्याला काय भ्यायचं? मग ट्यूब पेटली. ओंडका ओळखता येतो. त्याच्या तोंडावर हातोड्याचा ठसा असतो, घेर असतो, तो जंगलातल्या खुंटाशी जुळवून बघता येतो. पण एकदा का तो चिरला की उरतात त्या फळ्या. फळीला नाव नसतं, गाव नसतं. आमच्या भाषेत सांगायचं तर चिरणं म्हणजे लॉग फाईल डिलीट करणं. म्हणून ज्याच्या हातात करवत, त्याच्यावर पहारा.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा कायदा चांद्याला लागू झाला तेव्हा आमचा माणिकगडचा पहाड त्या राज्यातच नव्हता. राजुरा तालुका निजामाचा, आदिलाबाद जिल्ह्यातला. १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आलं, १९५६ मध्ये राजुरा नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्यात आला. जिवती हा पुढे त्यातूनच निघालेला तालुका. पण राज्य वेगळं म्हणून जंगलाचा जाच वेगळा नव्हता. आमच्या पहाडापासून जवळच, आता तेलंगणात असलेल्या जोडेघाटला १९४० मध्ये कुमराम भीम मारला गेला. गोंडांचं भांडण जमिनीचं आणि जंगलाचंच होतं. गंमत म्हणजे त्यानंतर निजाम सरकारने गोंडांचा अभ्यास करायला हायमेनडॉर्फ नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाला नेमलं. आधी गोळी, मग अभ्यास!

तिकडे जगात करवत बदलत होती. आंद्रेआस श्टील यांनी जर्मनीत विजेवरची चेनसॉ १९२६ मध्ये केली, पुढल्याच वर्षी डोलमारची पेट्रोलवरची आली. अमेरिकेतल्या जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून साखळीचा नवा दात बनवला आणि १९४७ मध्ये कंपनी काढली. आजच्या बहुतेक साखळ्या त्याच दाताच्या वंशातल्या. खड्डा, घोडी, दोन माणसं, सगळं एका माणसाच्या पाठीवर मावायला लागलं.

आणि आपल्याकडे? १२ डिसेंबर १९९६. गोदावर्मन खटल्यात सुप्रीम कोर्टाने केंद्राच्या मंजुरीशिवाय जंगलात चालणारी वनेतर कामं थांबवायला सांगितली, त्यात आरागिरण्यांचं नाव घेऊन. २००२ मध्ये नव्या आरागिरण्यांना कोर्टाच्या समितीच्या परवानगीशिवाय बंदी झाली. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी हे काम राज्यपातळीवरच्या समित्यांकडे दिलं, पण वनहद्दीपासून १० किलोमीटरच्या आत गिरणी नको, ही अट ठेवली. नगरपालिका हद्द आणि औद्योगिक वसाहती तेवढ्या सुटल्या. पहाडावर असं गाव शोधून दाखवा ज्याच्या १० किलोमीटरवर जंगल नाही! थोडक्यात, सागवान आमच्याकडे आणि गिरणी खाली शहरात.

मी काही कोर्टाला नावं ठेवत नाही. जंगल उरलं ते अशा आदेशांमुळेही उरलं. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून सागवान गेलं तेव्हा आम्हालाही अभिमान वाटलाच. पण सरकारी लाकडाचा कागद सरकारच करतं. बांधावरच्या झाडाचं तसं नाही. सातबारा कोणाचा, झाड नक्की कोणाच्या हद्दीत, १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी, खातेदार आदिवासी असेल तर १९६९ चा वेगळा कायदा, संयुक्त मोजणी, हातोडा, आणि शेवटी वाहतूक परवाना, म्हणजे टीपी.

आमचे आजोबा मराठवाड्यातून पहाडावर आले, काकांकडे पट्टा आहे. शेजारच्या शेतातही तितकंच जाडजूड सागवान उभं आहे. त्या घराची तिसरी पिढी तिथे राबते, पण जमीन वनाची की महसुलाची या घोळात त्यांना पट्टाच मिळालेला नाही. ते झाड त्यांनी वाढवलं, राखलं, पण कागदावर त्यांचं नाही. त्यांच्या फळीला नाव मिळायचं तर आधी त्यांच्या जमिनीला मिळायला हवं.

एक्सेलमध्ये मी सीसी, बार, साखळी, भुसा असे रकाने केले होते. आता सगळ्यात डावीकडे एक वाढवलाय, 'टीपी'. तो भरल्याशिवाय बाकीच्यांना अर्थ नाही. मिल मागवली नाही. परवाना आला की ओंडका खालच्या परवानाधारक गिरणीत न्यायचा. मी विचारलं त्या गिरणीत २४ इंचांच्या वर जात नाही, म्हणजे ओंडका आधी मधोमध उभा चिरून दोन भाग करावे लागतील. एकसंध टेबलाच्या जागी दोन फळ्या जोडून केलेलं टेबल. ठीक आहे. दीड फळी वाचली ती वाचलीच.

तूर्तास ओंडका बांधावरच आहे. तडे जाऊ नयेत म्हणून काकांनी दोन्ही तोंडांना ऑइलपेंट फासलाय. तलाठ्याकडे अर्ज दिलाय. परवा फोनवर विचारलं, "काका, किती दिवस लागतील?"

"सागवान हाये बाबा," ते म्हणाले, "सडत नाही लवकर."